थंड जंगलांचा संथ कारभार

१९६५ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात काही शास्त्रज्ञांनी एका ओढ्याच्या पाणलोटातलं अख्खं जंगल तोडून टाकलं. साधारण साडेपंधरा हेक्टरांवरची मेपल, बीच आणि बर्चची झाडं बर्फावर आडवी केली आणि जिथे पडली तिथेच राहू दिली. एक ओंडका बाहेर नेला नाही, रस्ता पाडला नाही, माती उकरली नाही. नव्यानं काही उगवू नये म्हणून पुढची तीन वर्षं तणनाशक फवारलं, आणि खाली ओढ्यावर बांधलेल्या बंधाऱ्यापाशी पाणी मोजत राहिले.

ही जागा म्हणजे हबर्ड ब्रूक. हर्बर्ट बोरमन, जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून तिथे एक साधा हिशोब मांडला होता. या डोंगराखालचा खडक इतका घट्ट की पाणी खोल झिरपून निसटत नाही. त्यामुळे वरून पावसा-बर्फातून काय आलं आणि खाली ओढ्यातून काय गेलं, एवढं मोजलं की मधल्या मधे जंगलानं काय केलं ते कळतं.

जंगल तोडल्यावर पहिल्याच वर्षी ओढ्याचं पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. हो, वाढलं. ‘झाडं असतील तर पाणी असेल’ असं शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालेले आपण इथे अडखळतो, पण त्यात गूढ काही नाही. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवाटे हवेत सोडतं. हबर्ड ब्रूकला वर्षाकाठी साधारण १४०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच जंगल परत हवेत पाठवतं. पिणारेच उरले नाहीत, तर ते पाणी ओढ्याला येणारच.

खरी बातमी त्या पाण्यात काय होतं ही होती. ओढ्यातल्या नायट्रेटचं प्रमाण पहिल्या वर्षी सुमारे ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झालं. पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा त्यानं ओलांडली. ओढ्यात शेवाळ माजलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हेही भसाभस वाहून जाऊ लागलं. बाहेरून कुणी खत टाकलं नव्हतं. हे सगळं त्या जमिनीचंच होतं. पालापाचोळा कुजतच होता, उलट ऊन लागल्यामुळे जास्त वेगानं कुजत होता. त्यातून सुटणाऱ्या नायट्रोजनचं जिवाणू नायट्रेट करत होते. एरवी ते लगेच उचलणारी मुळं आता मेली होती. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, म्हणून ते थेट पाण्यात. आणि या प्रक्रियेत तयार होणारं आम्ल मातीला चिकटलेल्या कॅल्शियमलाही हुसकावून लावत होतं.

समशीतोष्ण जंगलाचं महत्त्व सांगायचं तर मला या प्रयोगापासूनच सुरुवात करावीशी वाटते. ‘ऑक्सिजन देतात, पाऊस आणतात’ या यादीतून या जंगलांचं खरं काम कळत नाही. हातात आलेलं काहीही ती चटकन सोडत नाहीत, हे त्यांचं काम. पाणी, नायट्रोजन, कार्बन: जे काही आत येतं ते महिने, वर्षं, कधी शतकं थांबतं आणि मग पुढे जातं.

हे जंगल असतं कुठे

जिथे हिवाळा खरोखरचा असतो, पण झाडाला वाढायला उन्हाळाही पुरेसा लांब मिळतो, तो हा पट्टा. विषुववृत्ताजवळची सदा उष्ण जंगलं आणि रशिया-कॅनडाचा तैगा, म्हणजे उत्तरेचं अतिथंड सूचिपर्णी जंगल, यांच्या मधला. पूर्व अमेरिका, पश्चिम आणि मध्य युरोप, चीन, कोरिया, जपान. दक्षिण गोलार्धात चिली, न्यूझीलंड, टास्मानिया, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या हिशोबात जगातल्या जंगलांपैकी सुमारे १६ टक्के जंगल या पट्ट्यात येतं. कुठे पानं गाळणारं, कुठे सूचिपर्णी, आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, जिथे समुद्रावरून ढग येतच राहतात, तिथे चक्क वर्षावन.

भारतात हे जंगल मिळतं ते उंचीच्या कृपेनं. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या जंगलांचे १६ गट केले, तेच वर्गीकरण अजून वापरात आहे. हिमालयातली बांज (ओक), बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), देवदारांची जंगलं त्यात समशीतोष्ण गटांत मोडतात. निलगिरीच्या माथ्यावरची शोला जंगलंही. महाबळेश्वर मोडत नाही. स्वेटर घालावा लागला म्हणून जंगल समशीतोष्ण होत नसतं.

माणसाला हा पट्टा फार मानवला, आणि तेच या जंगलांच्या मुळावर आलं. त्यांच्याखालची माती शेतीला उत्तम. ती हजारो वर्षांत त्या जंगलांनीच बनवलेली. म्हणून युरोपात, चीनमध्ये आणि पुढे पूर्व अमेरिकेत ती आधी तोडली गेली. न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याचा, बराच भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शेतं आणि मेंढ्यांची कुरणं झाला होता. नंतर शेतकरी पश्चिमेकडच्या सपाट जमिनींवर गेले, कुरणं ओस पडली आणि झाडं आपसूक परतली. आज त्या भागात तीन-चतुर्थांशाहून जास्त जमिनीवर जंगल आहे. त्या रानांत फिरताना झाडांमधून दगडी बांधांच्या रांगा गेलेल्या दिसतात, त्या जुन्या कुरणांच्या हद्दी. झाडं परत आली ही आनंदाची गोष्ट खरीच. जंगल कितपत परतलं, हा वेगळा प्रश्न.

पानगळ म्हणजे आवरासावर

आपला साग पानं टाकतो तो पाण्याच्या तुटीमुळे, उन्हाळ्याच्या तोंडावर. मेपल किंवा बीच पानं टाकतात थंडीच्या धाकानं. जमिनीतलं पाणी गोठलं की मुळांना ते ओढता येत नाही, खोडातल्या नलिकांत गोठण्या-वितळण्यामुळे हवेचे बुडबुडे धरतात, आणि नाजूक पानं दंवानं मरतात. मरणारच असतील तर त्यांतलं कामाचं आधी काढून घेतलेलं बरं. म्हणून झाड पान सोडण्याआधी त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसचा साधारण निम्मा भाग फांद्यांत परत ओढून घेतं. या मोडतोडीत हिरवं रंगद्रव्य जातं आणि आधीपासून आत असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग बऱ्याच झाडांत त्याच वेळी नव्यानं तयार होतो. ऑक्टोबरात व्हर्माँटला जाऊन लोक फोटो काढतात ते या आवरासावरीचे.

उरलेला निम्मा भाग पानाबरोबर जमिनीवर येतो, आणि इथून पुढे थंड आणि उष्ण जंगलांचे रस्ते वेगळे होतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की कुजवणाऱ्या बुरशीचं आणि जिवाणूंचं काम ढोबळमानानं निम्म्यावर येतं. शिवाय वर्षातले कित्येक महिने ते जवळजवळ बंदच. उष्ण, दमट जंगलात पडलेलं पान लवकर संपतं आणि त्यातलं पोषण मुळं तत्काळ उचलून पुन्हा झाडांत नेतात. श्रीमंती उभ्या झाडांत, माती बऱ्याचदा गरीब. थंड जंगलात पानावर पान साचत जातं. पहिलं घर हातावर पोट असलेलं, आलं ते त्याच दिवशी चुलीला. दुसऱ्या घरात कणगी भरलेली. म्हणूनच समशीतोष्ण जंगलातला निम्म्याहून जास्त कार्बन मातीत आणि पालापाचोळ्यात असतो, उभ्या झाडांत नाही.

या साठवणीला एक कच्चा दुवा मात्र आहे: वसंत. बर्फ वितळतं, ओढे दुथडी वाहतात, आणि झाडांना अजून पालवी फुटलेली नसते. वर्षातलं सगळ्यात जास्त पाणी नेमकं अशा वेळी जमिनीतून जातं, जेव्हा पोषण उचलायला वर कुणी जागं नसतं. हबर्ड ब्रूकमध्येच या काळाचा अभ्यास झाला तेव्हा लक्ष एका वीतभर उंचीच्या रोपट्याकडे गेलं. ट्राउट लिली. बर्फ सरकताच ही उगवते, डोक्यावर पानांचं छत होण्याआधीच्या काही आठवड्यांत ऊन खाऊन घेते, फुलते आणि उन्हाळा लागला की जमिनीवरचा भाग वाळून जातो. या थोड्या दिवसांत ती वाहून जाऊ शकणारा नायट्रोजन आणि पोटॅशियम स्वतःत धरून ठेवते. पुढे तिची पानं भराभर कुजतात आणि तोवर जाग्या झालेल्या झाडांना ते पोषण मिळतं. १९७६ मध्ये हे मांडलं गेलं, तेव्हा त्याला ‘वसंतातला बांध’ अशा अर्थाचं नाव पडलं. हा बांध प्रत्येक जंगलात तितकाच पक्का असतो का, यावर वाद झाले आहेत. पण झाडं मोजून जंगल मोजणाऱ्यांच्या यादीत हे रोपटं कधीच येत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. लिलीला फूल यायलाच काही वर्षं लागतात आणि तिच्या बिया मुंग्या वाहून नेतात. मुंगीची धाव ती किती? ओसाड कुरणावर मेपल वाऱ्यानं पोचतो. ही मागून रांगत येते, कित्येक दशकांनी.

मेलेलं झाड

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगॉनमध्ये, एच. जे. अँड्र्यूज नावाचं प्रयोगवन आहे. तिथे मार्क हार्मन यांनी १९८५ मध्ये ५०० हून जास्त ओंडके जंगलात मांडून ठेवले आणि ते कसे कुजतात हे बघायला सुरुवात केली. प्रयोगाची ठरवलेली मुदत २०० वर्षं. कुणाची नोकरी इतकी टिकत नाही, पण डग्लस फरचा जाड बुंधा कुजायला तेवढा वेळ लागू शकतो, तर मोजणाऱ्यांनी थांबायला हवं. त्यात चार जातींचे ओंडके आहेत, आणि प्रत्येक जातीचा वेग निराळा: सिल्व्हर फर लवकर विरघळतो, रेड सिडार वर्षानुवर्षं दाद देत नाही.

इतका खटाटोप पडलेल्या लाकडासाठी का? उभ्या मोठ्या झाडाचं खोड बहुतांश निर्जीव असतं. जिवंत पेशी सालीखालच्या पातळ थरात आणि त्यालगतच्या लाकडात. झाड पडलं की त्यात बुरशी, जिवाणू, भुंगेरे, वाळवी, मुंग्या शिरतात आणि मेलेल्या खोडात जिवंत मालमत्ता आधीपेक्षा वाढते. ओंडका ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे पण बेडकांसारखे उभयचर प्राणी, त्याच्या आश्रयाला जातात. वॉशिंग्टन राज्यातल्या होह खोऱ्यात जमिनीवर शेवाळ आणि नेचे इतके दाट आहेत की बारीक रोपट्याला तिथे उगवायला जागाच नाही. हेमलॉक आणि सिट्का स्प्रूसची रोपं पडलेल्या खोडांच्या पाठीवर उगवतात, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडतात. पुढे खोड कुजून जातं आणि शंभर-दोनशे वर्षांची झाडं सरळ रांगेत, पायांखाली पोकळी ठेवून उभी दिसतात.

नद्यांची गोष्ट तर बोध घेण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर याच भागातल्या सरकारी खात्यांनी ओढ्यांमधले अडकलेले ओंडके काढून टाकायची मोहीम चालवली होती. हेतू चांगला: सॅमन माशांची वाट मोकळी व्हावी. झालं असं की ओंडक्यांमागे तयार होणारे खोल, थंड डोह गेले, अंडी घालण्याजोगी बारीक खडी वाहून गेली आणि मासे आणखी कमी झाले. पुढे त्याच ओढ्यांत यंत्रं लावून ओंडके परत टाकावे लागले. नीटनेटकेपणाची हौस महागात पडते ती अशी.

सॅमन आपल्याबरोबर समुद्रही जंगलात आणतो. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या ओढ्यात परततो. ब्रिटिश कोलंबियात टॉम राइमखेन यांनी बघितलं की एक अस्वल एका हंगामात शेकडो सॅमन पकडून झाडांमध्ये नेतं, अर्धवट खातं आणि टाकून देतं. समुद्रातल्या नायट्रोजनमध्ये त्याचा जड प्रकार जरा जास्त असतो, त्यामुळे तो ओळखता येतो. ओढ्याकाठच्या झाडांत, त्यांच्या खोडाच्या वर्तुळांतसुद्धा तो सापडतो. म्हणजे सॅमनच्या वाटेवर धरण बांधलं की डोंगरातल्या स्प्रूसचं खत कमी होतं.

इथे जर्मनीची आठवण काढायला हवी, कारण ती आपल्या दारापर्यंत येते. अठराव्या शतकापासून जर्मन वनशास्त्रानं जंगलाकडे लाकडाचं शेत म्हणून पाहिलं: एकाच जातीची, एकाच वयाची स्प्रूसची झाडं, सरळ ओळी, खालचा पालापाचोळा आणि मेलेली खोडं साफ. पहिल्या पिढीचं उत्पन्न भरघोस आलं, कारण जुन्या जंगलानं माती भरून ठेवली होती. पुढच्या पिढ्यांत झाडं खुरटू लागली, वादळात आडवी पडू लागली, किडीला बळी पडू लागली. १८६४ मध्ये भारताचं वनखातं उभं करणारे पहिले वनमहानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस हे याच परंपरेतले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्याकडे ‘उपयुक्त’ आणि ‘निरुपयोगी’ झाड अशी वाटणी झाली तिची एक मुळी तिथपर्यंत जाते.

मेलेल्या झाडांवरून खटला झाल्याचंही उदाहरण आहे. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं बियावोव्हिएझा हे युरोपच्या सखल भागातलं उरलंसुरलं जुनं जंगल. तिथे स्प्रूसला भुंगेऱ्यांची लागण झाली म्हणून पोलंड सरकारनं २०१६ मध्ये तोड वाढवली. मेलेली झाडं काढली नाहीत तर रोग पसरेल, हा युक्तिवाद. पण त्याच मेलेल्या स्प्रूसवर तीन बोटांचा सुतार पक्षी आणि कित्येक दुर्मीळ भुंगेरे जगतात. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयानं ही तोड बेकायदा ठरवली.

जुन्या जंगलातला कार्बनही याच संथपणाचा हिशोब. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात माउंटन अॅश नावाच्या निलगिरी झाडांच्या उंचच उंच जंगलात एका हेक्टरात १८६७ टन कार्बन मोजला गेला. २००९ साली हा आकडा आला तेव्हा जगातला तो सर्वाधिक होता, अॅमेझॉनच्या सरासरी जंगलाच्या कित्येक पट. थंड हवेत लाकूड सावकाश कुजतं, झाडं शतकानुशतकं वाढत राहतात, आणि पडलेलीही मोजणीत राहतात. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. समशीतोष्ण पट्टा अलीकडच्या दशकांत वर्षाला सुमारे ७० कोटी टन कार्बन हवेतून घेतो, मुख्यतः पुन्हा वाढणाऱ्या तरुण जंगलांमुळे आणि चीनमधल्या लागवडीमुळे. ही झाली आवक. जुन्या जंगलाची आवक कमी दिसते, पण साठा प्रचंड असतो. ‘म्हातारी झाडं कार्बन कमी घेतात, तोडून नवी लावा’ हा सल्ला आवक बघतो आणि साठा विसरतो.

मुळांवरच्या बुरशीबद्दल दोन शब्द, कारण ‘झाडं एकमेकांशी बोलतात’ हा व्हॉट्सअॅपवरचा आवडता विषय आहे. ओक, बीच, पाइन, बर्च यांच्या मुळांच्या टोकांना बुरशीचं आवरण असतं. बुरशी पाणी आणि नायट्रोजन आणून देते, झाड तिला साखर देतं. याबद्दल शंका नाही. १९९७ मध्ये सुझन सिमार्ड यांनी बर्चकडून डग्लस फरच्या रोपाकडे कार्बन जातो हे दाखवलं. पण त्यावरून आई-झाड पिल्लांना जेवू घालतं इथपर्यंत उडी मारायला पुरेसा पुरावा नाही, असं २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या संशोधकांनी जुने प्रयोग तपासून सांगितलं. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. बुरशी मातीत नायट्रोजन धरून ठेवते एवढंही खूप आहे.

हळू मोडणं

जे हळू साचतं ते मोडतंही नकळत. हबर्ड ब्रूकला १९६३ मध्ये पावसाचा पहिला नमुना तपासला, तो अपेक्षेपेक्षा कित्येक पट आम्ल निघाला. दूरवरच्या कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर तिथे उतरत होता. त्या आम्लानं दशकानुदशकं मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं. पाऊस सुधारला, १९९० मध्ये अमेरिकेनं हवेचा कायदा कडक केला, तरी झाडं सुधारेनात. मग १९९९ मध्ये हेलिकॉप्टरमधून एका पाणलोटावर कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या, आणि तिथला शुगर मेपल सावरला. धूर थांबवणं पुरत नाही, गेलेलं भरून यायला वेळ लागतो, हे त्या गोळ्यांनी दाखवलं.

झटपट मोडण्याचं उदाहरण चेस्टनटचं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात अमेरिकन चेस्टनटवर आशियातून आलेली एक बुरशी दिसली. पन्नासेक वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडं मेली. ओकला भरघोस फळ काही वर्षांआड येतं, चेस्टनटला दर वर्षी यायचं. अस्वलांपासून खारींपर्यंत सगळ्यांचा बेत त्यावर ठरलेला. हिरवं आच्छादन उपग्रहातून पाहिलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. चेस्टनटची जागा ओकनं घेतली.

बांज आणि चीड

आता आपल्या हिमालयात. कुमाऊं-गढवालच्या मधल्या उंचीवर दोन झाडांची सरमिसळ आणि ओढाताण आहे. खालच्या अंगाला, साधारण १८०० मीटरपर्यंत, चीड पाइन. वर, साधारण १५०० ते २३०० मीटर, बांज: सदाहरित ओक, पानाची खालची बाजू पांढरट लवेची. जिथे दोघांचे पट्टे एकमेकांवर येतात तिथे कोण जिंकतं, हे ठरवायला माणसाचा आणि आगीचा हात लागतो.

बांज गावाच्या कामाचा. पाला गुरांना, गोठ्यात अंथरायला, मग शेणासह शेतात, लाकूड चुलीला. चीड सरकारच्या कामाचा. इंग्रजांना त्याच्यापासून राळ, म्हणजे लीसा, आणि रेल्वेचे स्लीपर मिळत. १९११ नंतर कुमाऊंतली जंगलं राखीव होऊ लागली, गावाचे हक्क आवळले गेले, आणि १९२१ मध्ये लोकांनी चीडची सरकारी जंगलं पेटवून दिली. त्या असंतोषातूनच पुढे १९३१ मध्ये वनपंचायती आल्या, ज्या आजही उत्तराखंडात आहेत.

चीडच्या सुया, पिरूल, उन्हाळ्यात जमिनीवर वाळून पडतात. त्या सावकाश कुजतात आणि चटकन पेटतात. चीडची साल जाड, मोठं झाड आगीतून वाचतं. बांजाचं रोप जळतं. प्रत्येक वणव्यानंतर चीड थोडा वर सरकतो. आणि जळून उघड्या पडलेल्या उतारावर महिन्याभरात पावसाळा येतो. स्वातंत्र्यानंतर गढवालात राहिलेल्या गांधीजींच्या शिष्या मीराबेन, ज्यांना आपण सेवाग्रामच्या संदर्भात ओळखतो, यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की बांज हटतोय, चीड चढतोय आणि झरे त्याबरोबर बदलतायत. चीडला खलनायक करायचं कारण नाही. तो तिथलाच आहे, खालच्या उतारांवर त्याची जागा पक्की आहे. बांजाच्या पट्ट्यात त्याला आपण नेलं.

१९७३ मध्ये चमोली जिल्ह्यातल्या मंडल गावात चिपको सुरू झालं तेही समशीतोष्ण झाडावरूनच. गावकऱ्यांना अवजारांसाठी अंगूची झाडं नाकारली आणि खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला दिली. पुढच्या वर्षी २६ मार्चला रेणी गावात गौरादेवींनी आणि गावातल्या बायकांनी तोडणाऱ्यांना परत पाठवलं. त्यामागे १९७० चा अलकनंदेचा पूर होता. वरची जंगलं तुटल्यावर पाणी आणि माती एकदम खाली येते, हे त्या बायकांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

आता हबर्ड ब्रूकचा हिशोब इथे लावून बघू. बांजही पाणी पितो. मग ‘बांज तिथे थंड पाणी’ ही पहाडी समजूत खोटी का? नाही, पण ती वेगळ्या कारणानं खरी आहे. तिथे वर्षाचा बहुतेक पाऊस तीन-चार महिन्यांत कोसळतो. बांजाखाली पालापाचोळ्याचा आणि कुजलेल्या मातीचा जाड थर असतो. सरी त्यात मुरतात, उताराने धावत सुटत नाहीत. एकूण पाणी कदाचित थोडं कमी होईल, पण ते ऑगस्टऐवजी फेब्रुवारीत मिळेल. नौल्यावर, म्हणजे झऱ्याच्या बांधीव कुंडावर, घागर घेऊन जाणाऱ्या बाईला वर्षाची बेरीज काय करायची आहे? तिला मे महिन्याचं पाणी हवं. काही ठिकाणी झाडं पाण्यात भरही घालतात: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रेडवूडच्या पानांवर धुकं अडकून ठिबकतं आणि एका मोजणीत वर्षभराच्या पाण्यापैकी ३४ टक्के असं आलेलं होतं. मात्र तो धुक्याचा प्रदेश. तो नियम सगळीकडे लावता येत नाही.

नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार भारतीय हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटतायत. त्यावर काम करणाऱ्यांत पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था आहे, आणि भूजलतज्ज्ञ असल्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न झाडाचा नसतो, खडकाचा असतो. खडकाचे थर कुठल्या दिशेला कलले आहेत, भेगा कुठून कुठे जातात? झऱ्याचं पाणी बऱ्याचदा त्याच्या वरच्या उतारावर मुरतच नाही. ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मुरतं आणि थरांच्या कलानं इकडे येतं. झऱ्याच्या डोक्यावर हजार झाडं लावली आणि झरा ढिम्म हलला नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. सिक्कीमच्या ‘धारा विकास’ कार्यक्रमात आणि कुमाऊंत आधी मुरण्याची जागा नकाशावर काढतात. मग तेवढ्याच पट्ट्यात चर खणायचे, चराई आणि आग काही वर्षं बंद ठेवायची आणि जिथे उंची योग्य आहे तिथे बांज येऊ द्यायचा. चर पुढच्या पावसाळ्यात पाणी मुरवतात. पालापाचोळ्याचा थर तयार व्हायला मात्र बांजाला आपली वर्षं द्यावी लागतात. त्यात पुन्हा अडचण अशी की मुरण्याची जागा शेजारच्या गावाच्या वनपंचायतीत निघते, आणि पाणी प्यायचं एका गावानं, चराई बंद ठेवायची दुसऱ्यानं, हे आधी दोन गावांना बसून ठरवावं लागतं.